जुनी बंदूक: नवी करावी की आहे तशी राखावी?

आमच्या कार्यशाळेत येणाऱ्या जुन्या बंदुकांपैकी बऱ्याच ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू व गोळी ठासून भरायच्या, असतात आणि त्यांच्यासोबतची मागणीही ठरलेली असते: “नव्यासारखी करून द्या.” काम सांगण्यापूर्वी ग्राहकांनी पुढील मजकूर वाचावा, ही विनंती.

शेतीरक्षणाच्या परवान्यावर आजही वापरात असलेल्या बंदुकीचा झिजलेला घोडा किंवा ढिली कमान (स्प्रिंग) बदलावीच लागते. तेथे जुनेपणापेक्षा वापरणाऱ्याचा जीव मोलाचा. वाडवडिलांपासून घरात जपलेल्या बंदुकीचे तसे नाही. तिच्या नळीवरचा काळसर तपकिरी थर हा मळ नसून वर्षानुवर्षे मुरत गेलेला थर असतो, आणि बफिंगच्या चाकाला नळी लावताच तो निघून जातो, शिवाय कारागिराचा शिक्का व नक्षीच्या कडाही त्याच्याबरोबर झिजतात. हे नुकसान पुढे कितीही खर्च केला तरी भरून येत नाही. क्रोम चढवलेली ठासणीची बंदूक तर आम्हांला वरातीतल्या बँडच्या वाद्यासारखी दिसते. ते काम आम्ही घेत नाही.

गंज मात्र थांबवलाच पाहिजे. नळीवरून पांढरे फडके फिरवावे; त्यावर नारिंगी भुकटी आली, तर गंज अजून चालू आहे असे समजावे. अशा जागी आम्ही तेल मुरवतो, सुटलेला गंज हलक्या हाताने पुसून घेतो आणि वर मेणाचा पातळ हात देतो, जो पुढे केव्हाही काढता येतो. आर्द्रता ५० टक्क्यांखाली असेल तर लोखंड टिकते; गोव्याच्या पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर जाते आणि किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या हवेची भर पडते. म्हणून बंदूक चामड्याच्या म्यानात ठेवू नये आणि ओल धरणाऱ्या चिरेबंदी भिंतीला टेकवून टांगू नये. दस्त्याला (बंदुकीच्या लाकडी भागाला) जवसाचे तेल वारंवार चोळल्यास लाकूड काळवंडते व चिकट होते.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणे, तसेच बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा खूण खोडणे, हे गुन्हे आहेत. त्यामुळे बंदूक आणताना परवाना सोबत असावा.

ठासणीच्या बंदुकीत जुना बार (भरलेली दारू व गोळी) राहून गेलेला असू शकतो. नळीचे तोंड माणसांपासून दूर ठेवून गज (बार ठासायची काठी) अलगद आत सोडावा, तोंडापाशी त्यावर खूण करावी आणि तोच गज, खूण तोंडाशी जुळवून, नळीला बाहेरून लावून पाहावा. गज नळीच्या बुडापर्यंत पोहोचत नसेल, तर आत बार असू शकतो; बंदूक घरीच ठेवून आम्हांला कळवावे.