ऱ्यू कुठला, ऱ्यो कुठला? स्ट्रीट फायटर आणि किंग ऑफ फायटर्समधला फरक

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा म्हापशापासून मडगावपर्यंत व्हिडिओ गेमच्या पार्लरात मारामारीच्या प्रत्येक मशीनला आम्ही पोरं एकाच नावानं ओळखायचो: स्ट्रीट फायटर. त्यात खरा स्ट्रीट फायटर असायचा, मॉर्टल कॉम्बॅट असायचा, आणि ज्याच्याभोवती सगळ्यात जास्त गर्दी व्हायची तो किंग ऑफ फायटर्स ९७ असायचा. मॉर्टल कॉम्बॅट रक्तावरून लांबूनही ओळखू येतो, त्याचा प्रश्न नाही. घोळ होतो तो उरलेल्या दोघांचा, आणि अजून होतो. गेल्या चतुर्थीला भाच्यानं फोनवर लाल केसांच्या इयोरी यागामीचं चित्र दाखवून विचारलं, "मामा, हा स्ट्रीट फायटरमधला ना?" आरत्या चालू होत्या म्हणून नुसती मान हलवली. सविस्तर उत्तर इथं देतो.

घोळ या खेळांच्या जन्मापासूनचा आहे. १९८७ साली कॅपकॉम या जपानी कंपनीनं पहिला स्ट्रीट फायटर काढला. तो घडवला ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो यांनी. हा पहिला खेळ फारसा कुणाला आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर आठवावा असा तो नव्हताही. एकट्यानं खेळलात तर ऱ्यू मिळायचा, शेजारी दुसरा कुणी उभा राहिला तर त्याला केन, बस्स. पण हाडोकेन म्हणजे तळहातातून फेकलेला तेजाचा गोळा, शोर्युकेन म्हणजे उडी घेत वर मारलेली बुक्की, आणि हवेत गिरक्या घेत मारलेली लाथ या तिन्ही गोष्टी तिथंच सुरू झाल्या. हँडल खालून पुढे फिरवायचं आणि बुक्कीचं बटण दाबायचं, ही बोटांना लागलेली सवयही तिथलीच.

त्यानंतर निशियामा आणि मात्सुमोतो कॅपकॉम सोडून एसएनके या दुसऱ्या जपानी कंपनीत गेले. मागे राहिलेला स्ट्रीट फायटर अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा यांच्या हाती आला. १९९१मध्ये त्यांचा स्ट्रीट फायटर २ आला आणि जग त्याच्या नादाला लागलं. त्याच वर्षी निशियामांनी एसएनकेतून फेटल फ्युरी बाहेर काढला. त्यात लाल जाकीट आणि टोपीवाला टेरी बोगार्ड होता, आणि तो ज्या स्पर्धेत उतरतो तिचं नाव होतं 'किंग ऑफ फायटर्स'. १९९४मध्ये एसएनकेनं या स्पर्धेच्या नावाचाच स्वतंत्र खेळ काढला आणि त्यात आपल्या घरची सगळी मंडळी गोळा केली: फेटल फ्युरीमधले टेरी, अँडी आणि जो, आर्ट ऑफ फायटिंगमधले ऱ्यो आणि रॉबर्ट, इकारी वॉरियर्समधले राल्फ आणि क्लार्क, सायको सोल्जरमधली अथेना. पुढे दरवर्षी नवा भाग येत गेला. तेव्हा एकानं दुसऱ्याची चोरी केली असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की ज्यानं पहिल्याची मुहूर्तमेढ रोवली, त्यानंच दुसऱ्याचा पाया घातला.

निशियामा हे नाव नवीन वाटत असेल, पण त्यांचा एक खेळ आपल्यातल्या बहुतेकांनी खेळलेला आहे. घरच्या टीव्हीला जोडायच्या त्या स्वस्त डब्याच्या कॅसेटमध्ये मारियोच्या आसपास कुंग फू नावाचा खेळ असायचा. दोन्ही बाजूंनी माणसं अंगावर येतात, लाथा मारत एकेक मजला चढत जायचं. तो मूळचा आयरेम कंपनीचा, १९८४चा, आणि रचना निशियामांचीच. शेजारच्या तारवटी काकांनी बोटीवरून येताना चांगला सेगा आणला तेव्हा आमचा तो डबा माळ्यावर गेला, पण कुंग फू मनातून गेला नाही.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जोडी घेऊ. ऱ्यू आणि ऱ्यो. ऱ्यू पांढऱ्या कराटे ड्रेसमध्ये, डोक्याला लाल पट्टी, पायात काही नाही, कायम कुठंतरी भटकत असलेला. ऱ्यो साकाझाकी नारिंगी ड्रेसमध्ये, १९९२च्या आर्ट ऑफ फायटिंगचा नायक. दोघंही कराटेवाले, दोघंही तळहातातून तेजाचा गोळा फेकतात, दोघंही उडी मारत वरच्या दिशेनं बुक्की घालतात. कॅपकॉमला हे साम्य झोंबलं असावं, कारण १९९५च्या स्ट्रीट फायटर अल्फामध्ये त्यांनी डॅन हिबिकी नावाचं लपवलेलं पात्र टाकलं. गुलाबी ड्रेस, ऱ्योची उघड नक्कल, त्यावर ऱ्योचा मित्र रॉबर्ट याच्यासारखी मागे बांधलेली केसांची शेपटी, तोंडात मोठमोठ्या बढाया आणि हातातला गोळा हातभर जाऊन विझणारा. एका कंपनीनं दुसरीची टिंगल करायला अख्खं पात्र तयार करावं, हा प्रकार मला आजही फार आवडतो. पण पुढची गंमत त्याहून मोठी. दुसऱ्याच वर्षी, किंग ऑफ फायटर्स ९६मध्ये, एसएनकेनं खुद्द ऱ्योचा गोळा आखूड करून टाकला. टिंगलीतलं खरं झालं. ते का केलं असेल, ते पुढे खेळाच्या रचनेतून कळतं.

त्याआधी कराटेबद्दल थोडं. ऱ्योची 'क्योकुगेन' शैली कल्पित आहे, पण तिच्यामागे मासुतात्सु ओयामा यांची क्योकुशिन कराटे स्पष्ट दिसते, ज्यात लढत खऱ्या आघातांची असते, नुसती गुणांसाठी स्पर्श करण्याची नसते. ओयामा बैलांशी झुंजण्याच्या प्रात्यक्षिकांसाठी प्रसिद्ध होते. बंदी असूनही धिरयोच्या, म्हणजे बैलांच्या झुंजींच्या, गोष्टी रंगवून सांगणाऱ्या आपल्या गोंयकारांना यात काही विशेष वाटू नये, पण तिथं निदान दोन्ही बाजूंना बैल असतात. ऱ्यूच्या शैलीला चाहते 'शोटो' म्हणतात, शोतोकान या कराटेच्या प्रकारावरून. प्रत्यक्ष शोतोकानच्या क्लासला गेलेल्या माणसाला ऱ्यू खेळताना दाखवा, तो हसेल.

खरा फरक मात्र पायांत आहे. स्ट्रीट फायटर २मध्ये धावता येत नाही. चालायचं, पुढे किंवा मागे, आणि दोघांमधलं अंतर बोटभर इकडेतिकडे करत राहायचं. बटणं सहा: बुक्की आणि लाथ, प्रत्येकी हलकी, मध्यम, जोरदार. या सहांची पोच वेगवेगळी, म्हणून कुठल्या अंतरावरून कुठलं बटण दाबायचं हाच अर्धा खेळ. उडी मारली की ती संपेपर्यंत तुम्ही बांधले गेलात. कमान ठरलेली, वेळ ठरलेली, मध्ये मन बदलायची सोय नाही. समोरचा जागा असेल तर तो शोर्युकेन घालून खाली आणणारच. ऱ्यूचा जुना सापळा याच्यावरच उभा आहे. हाडोकेन फेकत राहायचं, समोरच्याला कंटाळून उडी मारायला लावायचं आणि उडाला की वर बुक्की. याच खेळातला गाईल तर हँडल मागे दाबून बसलेलाच असतो, कारण हँडल थोडा वेळ मागे धरून मग पुढे ढकललं तरच त्याचा सॉनिक बूम हा गोळा निघतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं दोघं नुसते उभे आहेत. प्रत्यक्षात दोघंही समोरच्याच्या एका चुकीच्या पावलाची वाट बघत असतात.

किंग ऑफ फायटर्समध्ये बटणं चारच, हलकी आणि जोरदार बुक्की, हलकी आणि जोरदार लाथ. पण उड्या चार प्रकारच्या आहेत. हँडल वर दाबून लगेच सोडलं तर पात्र गुडघाभर उंच छोटी उडी मारतं, आणि ही छोटी उडीच या खेळाचा जीव आहे. ती इतकी बुटकी आणि झटपट असते की बघून, ओळखून, वर बुक्की मारेपर्यंत ती अंगावर आलेली असते. ९६च्या भागात यात पळणं आलं, आणि लोळून पलीकडे जाणंही. लोळताना गोळा वरून निघून जातो. आता ऱ्योकडे परत बघा. समोरचा पळतोय, लोळतोय, छोट्या उड्या मारतोय. दूर उभं राहून गोळे फेकणाऱ्यांना बसू द्यायचंच नाही, असं एसएनकेनं ठरवलेलं होतं. म्हणून ऱ्योचा गोळा आखूड झाला, आणि नायक क्यो कुसानागीचा जमिनीवरून जाणारा अग्नी तर काढूनच टाकला. त्याऐवजी त्याला जवळून एकापाठोपाठ एक मारायच्या बुक्क्या दिल्या.

याचा परिणाम असा की एका खेळाची सवय दुसऱ्यात घेऊन गेलात तर मार खाता. स्ट्रीट फायटरवाला किंग ऑफ फायटर्समध्ये आला की कोपऱ्यात ब्लॉक धरून विचार करत बसतो आणि तिथंच संपतो. किंग ऑफ फायटर्सवाला स्ट्रीट फायटरमध्ये गेला की सवयीनं उडतो, आणि प्रत्येक उडीला शोर्युकेन खातो. आमच्या पार्लरात एक दादा होते, इयोरी घेतला की त्यांच्यासमोर कुणी टिकायचं नाही. तेच दादा गाईलसमोर पाच मिनिटांत चिडून निघून जायचे, मशीनच खराब आहे म्हणत.

दुसरा मोठा फरक तीन जणांच्या संघाचा. स्ट्रीट फायटरमध्ये एकास एक, तीनपैकी दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीला जीव पुन्हा पूर्ण. किंग ऑफ फायटर्समध्ये तुम्ही तिघं निवडता आणि त्यांचा क्रम लावता. पहिला पडला की दुसरा येतो, पण जिंकलेला मात्र उरलेला जीव आणि वर मिळालेली थोडीशी भर घेऊनच पुढे खेळतो. पेनल्टी शूटआउटला पाचवा कोण मारणार यावर डोकं चालवणाऱ्या फुटबॉलवेड्या गोव्याला हे समजवावं लागत नाही. सगळ्यात भरवशाचा शेवटी ठेवायचा, की त्यालाच आधी पाठवून समोरच्या दोघांना लोळवायचं? माझं मत विचाराल तर शेवटी. मोठ्या हल्ल्यांना लागणारे पॉवरचे साठे तोवर जमलेले असतात, आणि इयोरीचा तो पुढे पाव चक्कर, मागे अर्धी चक्कर फिरवून निघणारा हल्ला एकदा लागला की हिशेबच बदलतो.

पार्लरमालकांना हाच खेळ का आवडला, हेही यातच आहे, असा माझा अंदाज. तीन खेळाडू म्हणजे पोराला एका नाण्यात जास्त वेळ खेळल्याचं समाधान. शिवाय एसएनकेच्या निओ जिओ मशीनमध्ये खेळ कॅसेटवर यायचा; जुनी काढा, नवी घाला, आणि काही मशीनमध्ये एकाच वेळी चार किंवा सहा कॅसेटी. कॅपकॉमचा खेळ बदलायचा म्हणजे आतला बोर्ड बदला.

पडद्यावरून ओळखायचं असेल तर वर बघा. कोपऱ्यात तिघांची चित्रं असतील तर तो किंग ऑफ फायटर्स. खाली पॉवरची पट्टी असेल तर निदान तो जुना स्ट्रीट फायटर २ नव्हे, कारण तिथं ती पट्टी १९९४च्या सुपर टर्बोपर्यंत नव्हती. आणि कुणाचे हात रबरासारखे लांब होत असतील तर शंकाच नको, तो स्ट्रीट फायटरचा धालसीम. भारताचा प्रतिनिधी म्हणून गळ्यात कवट्यांची माळ घातलेला, तोंडातून आग ओकणारा योगी. बायकोचं नाव सारी, मुलाचं नाव दत्त. चिडावं की हसावं हे मला कधीच ठरवता आलं नाही, पण त्याच्या मंचावर मागे हत्ती उभे दिसले की आम्ही टाळ्या वाजवायचो. स्ट्रीट फायटर २चा स्वभाव असाच आहे: प्रत्येक पात्राला एक देश, एक ठसठशीत ओळख. किंग ऑफ फायटर्सला गोष्ट सांगायची हौस जास्त. क्यो आणि इयोरी यांच्या घराण्यांचं वैर, पाठीवर एकाच्या सूर्य आणि दुसऱ्याच्या चंद्रकोर, आणि ओरोची नावाची जपानी पुराणातून उचललेली शक्ती, हे सगळं ९५ ते ९७ या तीन भागांत पसरलेलं आहे. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं, चंद्रकोर मात्र वहीच्या शेवटच्या पानावर काढता यायची.

आता भिंती बऱ्याच पडल्यात. निशियामांनी २००० साली डिम्प्स ही कंपनी काढली आणि कॅपकॉमचा स्ट्रीट फायटर ४ घडवण्यात तिचा हात होता. स्ट्रीट फायटर ६मध्ये २०२४ साली टेरी बोगार्ड आला, मग एसएनकेचीच माई शिरानुई. तिकडे फेटल फ्युरीच्या नव्या भागात केन पोचला. खेळाडूही इकडून तिकडे जातात. चीनचा शाओहाई किंग ऑफ फायटर्सवर घडलेला, पण २०२४मध्ये रियाधच्या ईस्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये तो जिंकला स्ट्रीट फायटर ६. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत स्ट्रीट फायटर ५ पदकासाठी खेळला गेला तेव्हा मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास भारताकडून उतरले होते.

भाच्यासारख्या नव्यानं सुरू करणाऱ्यानं आधी स्ट्रीट फायटर ६ घ्यावा. त्यात सोप्या बटणांची सोय आहे, हँडल फिरवायची कसरत पहिल्या दिवशी आड येत नाही, आणि अंतराचं भान तिथं लागतं तसं दुसरीकडे लागत नाही. मग किंग ऑफ फायटर्सकडे वळावं, पण माझ्या वयाचे सगळे सांगतील तसं ९७ने सुरुवात करू नये. ९७मध्ये काही पात्रं इतकी भारी आहेत की बाकीच्यांना घेण्यात अर्थ उरत नाही. आमचं प्रेम आठवणींचं आहे. ९८ घ्यावा. त्यात गोष्ट नाही, मेलेली पात्रंही परत आलीत, आणि तिघं निवडताना खरंच विचार करावा लागतो.