डाव्या बाजूची लांब नस

मोठ्या मामांचा आवाज गेला तो सोयाबीनच्या सोंगणीत. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला त्यांचं भजनी मंडळ दरवर्षी जातं. खंजिरी त्यांच्या हातात असते आणि पहिली चाल तेच उचलतात. त्या वर्षी त्यांनी तोंड उघडलं आणि फाटक्या भात्यातून निघावी तशी नुसती हवा बाहेर आली. "रातभर ओलितावर होतो, गारठ्यानं बसला," असं सांगून ते मोकळे झाले. मग ज्येष्ठमध झालं, हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. दिवाळी गेली, कापसाचा पहिला वेचा घरात आला, आवाज काही आला नाही.

अमरावतीच्या घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. घशात गाठ नव्हती की फोड नव्हता, फक्त डाव्या बाजूची स्वरपट्टी हलत नव्हती. त्यांनी छातीचा फोटो लिहून दिला तेव्हा मामी वैतागल्या, "गया बसला अन् छातीचा फोटो काऊन?"

मामींचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर शरीररचनेतल्या एका विचित्र वळणात आहे. स्वरपट्ट्या हलवणाऱ्या नसा मेंदूकडून येतात, पण सरळ घशात जात नाहीत. आधी खाली उतरतात, एका मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालतात आणि मग परत वर चढतात. उजवी नस मानेच्या पायथ्याशीच वळते. डावी मात्र थेट छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून जाते आणि तिथून घशाकडे परतते. माशासारख्या पूर्वजांमध्ये हाच रस्ता जवळचा होता. पुढे मान लांबली, हृदय खाली सरकलं, नस मात्र त्या धमनीला अडकलेलीच राहिली. जिराफात तर ही नस काही मीटरांचा फेरा मारते. गावातल्या एखाद्या जुन्या पांदणीसारखंच आहे हे, शेतं इकडची तिकडे झाली तरी वाट तीच.

डाव्या फुप्फुसातली कॅन्सरची गाठ, किंवा तिथून पसरून सुजलेल्या लसिकाग्रंथी, कमानीजवळ या नसेला दाबतात आणि आवाज बसतो. कारण छातीत असतं आणि तक्रार गळ्याची असते. फुप्फुसाच्या आतल्या भागाला वेदना जवळजवळ कळतच नाहीत, दुखतं ते बाहेरचं आवरण. त्यामुळे आत वाढणारी गाठ बराच काळ गप्प असते आणि बोलते तेव्हा दुसऱ्याच अवयवाच्या तोंडून. कधी खांदा दुखतो, कधी बोटांची टोकं फुगीर होऊन नखं गोलाकार होतात. तीन आठवड्यांहून जास्त बसलेल्या आवाजाला म्हणूनच गुळण्यांवर सोडून चालत नाही.

फोटोत डाग दिसला. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी आधी टीबीची औषधं सुरू झाली आणि तीन महिने त्यातच गेले. आपल्याकडे टीबी इतका आहे की छातीतल्या डागाला पहिलं नाव तेच मिळतं. शिवाय धूम्रपान टीबीचाही धोका वाढवतं, म्हणजे दोन्ही संशयित एकाच घरात राहतात. थुंकीची तपासणी करायलाच हवी, ती मोफतही होते. पण थुंकीत काही नाही आणि औषधानं फरकही नाही, असं असेल तर सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारायला लाजू नये.

विदर्भात तंबाखू म्हटलं की डोळ्यांपुढे येतो खर्रा. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या २४.४ टक्के प्रौढांना धूरविरहित तंबाखूची सवय होती, धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के. त्यामुळे तोंडाचा कॅन्सर गावानं पाहिलेला असतो, त्याला गाव ओळखतं. फुप्फुसाचा मात्र दमा, टीबी किंवा 'म्हातारपणाचा ढास' म्हणून खपून जातो.

आणि जे ओढतात ते बहुतेक बिडीच ओढतात. तिची पानं आपल्याच जंगलातली. गडचिरोली-गोंदियाकडे एप्रिल-मे महिन्यांत घरची घरं पहाटे तेंदूपत्ता तोडायला निघतात, दुपारी पुडे बांधतात आणि फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या केंद्रावर, नेऊन मोजून देतात. त्या पैशांवर पेरणीचं बियाणं येतं. ज्या पानानं घर चालतं त्याला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही, हे मला समजतं. पण 'बिडी पानाची, म्हणून हलकी' हे खरं नाही. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा बरीच कमी असते. पण तेंदूचं पान कागदासारखं हवा आत घेत नाही, म्हणून बिडी सारखी विझते. ती जिवंत ठेवायला झुरके जास्त आणि खोल मारावे लागतात. म्हणून तंबाखू कमी असूनही छातीत उतरणारं डांबर आणि कार्बन मोनॉक्साईड कमी पडत नाही. भारतातल्या मृत्यूंच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे ६ वर्षांनी आणि स्त्रियांचं सुमारे ८ वर्षांनी कमी भरलं होतं.

धुरात कॅन्सर घडवणारी ७० च्या आसपास रसायनं सापडली आहेत. त्यातल्या बेंझोपायरिनची गोष्ट मला फार चटका लावते. हा पदार्थ शरीरात शिरला की पेशी त्याला पाण्यात विरघळेल असं रूप देऊन बाहेर टाकायचा प्रयत्न करतात. या साफसफाईच्या मधल्या टप्प्यावर त्याचं एक अतिचिकट रूप तयार होतं आणि ते डीएनएला जाऊन बसतं. पेशीच्या बेलगाम वाढीला लगाम घालणारा पी-५३ नावाचा एक जनुक आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तो जिथे वारंवार बिघडलेला दिसतो, नेमक्या त्याच जागा हा पदार्थ पकडतो, हे १९९६ मध्ये दाखवलं गेलं. पुढे २०१६ मध्ये हिशोबही लागला. रोज एक पाकीट सिगारेट वर्षभर ओढली तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० बदल जमा होतात.

हे बदल कुठे पडतील ते कुणाच्या हातात नसतं. पारावरचा नेहमीचा दाखला असतो, "आमचा आबाजी दोन कट्टे फुकत होता अन् नव्वद वर्सं जगला." जगला असेल. लॉटरीची हजार तिकिटं घेऊनही एखाद्याला बक्षीस लागत नाही, इथे बक्षीस न लागणं हेच नशीब. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या आकड्यांनुसार, धूम्रपान चालूच ठेवणाऱ्या पुरुषाला ७५ व्या वर्षापर्यंत फुप्फुसाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे १६ टक्के होती. ६० व्या वर्षी सोडलं तर सुमारे १०, पन्नाशीत सोडलं तर ६, चाळिशीत ३ आणि तिशीत २ टक्क्यांच्याही खाली. म्हणजे सोळातले चौदा भाग तिशीतच टळू शकतात आणि साठीतही सहा टळतात. 'आता सोडून काय उपेग' म्हणणाऱ्याला मी हेच आकडे ऐकवतो. २०२० मध्ये याचं एक कारणही सापडलं. धूम्रपान सोडलेल्यांच्या श्वासनलिकेत ४० टक्क्यांपर्यंत पेशी कधीच न ओढणाऱ्याच्या पेशींसारख्या आढळल्या. कुठेतरी आडोशाला वाचलेल्या निरोगी पेशी धूर थांबल्यावर पुढे सरसावतात आणि जागा भरत जातात.

आता मामांकडे येतो, कारण खरी अडचण त्यांच्या घरात होती. तुकडा तपासून निदान झालं आणि दोन दिवसांत गावाला कळलं. भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप हातात घेता घेता एकच विचारी, "बिडी पेत होते का?" मामी 'नाही' म्हणत आणि मामा भिंतीकडे पाहत. निघताना ओट्यावर कुणीतरी हळूच बोले, "केलं तसं भराच लागते." एका नातेवाइकानं कप उचलून वेगळा ठेवला. कॅन्सर उष्ट्यानं पसरत नाही हे सांगूनही ठेवला. शेजारच्या गावातून मामांच्या नातीसाठी आलेलं स्थळ नंतर बोलेनासं झालं. त्यांनी कारण सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मामा बिडी ओढत होते. भजनी मंडळात, व्यसनमुक्तीच्या फेरीत पुढे चालणारा माणूस, म्हणून चोरून ओढत होते. सुरुवात सोळाव्या वर्षी झाली, रात्रीच्या ओलितावर. लाईट रात्री यायची, पाणी फिरवताना झोप येऊ नये म्हणून सोबतच्या सालदारानं पेटवून दिली. निकोटिन झुरक्यानंतर दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, सुईनं शिरेत दिलेल्या औषधाइतकंच वेगानं. कोवळ्या वयातला मेंदू त्याला लवकर बांधला जातो. नंतरची चाळीस वर्षं माणूस मौजेसाठी ओढत नाही, न ओढल्यानं होणारी तगमग टाळायला ओढतो. सोळा वर्षांच्या पोरानं अंधारात घेतलेल्या त्या एका झुरक्याचा जाब गाव साठीच्या माणसाला विचारत होतं.

या आजाराच्या इतिहासात इव्हार्ट्‌स ग्रॅहम नावाचे एक अमेरिकन शल्यचिकित्सक आहेत. १९३३ साली त्यांनी कॅन्सर झालेलं संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढलं आणि रुग्ण वाचला. ग्रॅहम स्वतः भरपूर सिगारेटी ओढत आणि धुराचा कॅन्सरशी संबंध असेल हे त्यांना पटत नसे. अर्न्स्ट विंडर हा तरुण विद्यार्थी हट्टाला पेटला, दोघांनी मिळून रुग्णांचा अभ्यास केला आणि १९५० मध्ये संबंध दाखवून दिला. मग ग्रॅहमनी सिगारेट सोडली. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्याच कॅन्सरनं गेले, त्यांचा १९३३ चा रुग्ण तेव्हाही जिवंत होता. 'केलं तसं भरलं' असं ग्रॅहमबद्दल म्हणायला आपली जीभ वळत नाही. मग ती ओलितावरच्या माणसाबद्दल इतकी सहज कशी वळते?

नागपूरच्या वॉर्डात मामांच्या पलीकडे एक बाई होत्या. तंबाखूला कधी हात न लावलेल्या. धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा कॅन्सर होतो आणि भारतातल्या स्त्री रुग्णांत अशांची संख्या मोठी आहे. दुसऱ्यांच्या बिडीचा धूर, हवेचं प्रदूषण, सिलिकाची धूळ, अशी कारणं पक्की आहेत. चुलीतल्या लाकूड-गोवऱ्यांच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 'बहुधा कारण' या गटात ठेवलंय. त्या बाईंना भेटायला येणारे म्हणत, "बिचारी, तिचा तर काहीच दोष नाही." वाक्य प्रेमाचं होतं, पण ते ऐकताना पलीकडच्या खाटेवर मामा डोळे मिटून घेत. एकाला निर्दोष म्हटलं की दुसरा आपोआप दोषी ठरतो.

लाजेचा हिशोब वैद्यकीयही आहे. कॅन्सर तज्ज्ञांनी विचारल्यावर मामा साफ नाही म्हणाले होते. बिडी तेव्हाही चालू होती, दवाखान्याच्या मागच्या भिंतीआड. निदानानंतर सोडून काही उपयोग नाही असं वाटतं, पण तसं नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लवकरच्या टप्प्यातला फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या ५१७ धूम्रपान करणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांनी निदानानंतर सोडलं ते सरासरी ६.६ वर्षं जगले, न सोडणारे ४.८. पावणेदोन वर्षांचा हा फरक एखाद्या महागड्या औषधानं पडला असता तर त्याच्या जाहिराती लागल्या असत्या.

गावोगाव एक्स-रेची शिबिरं घ्यावीत का, असं मला विचारतात. मोठ्या अमेरिकी चाचणीत नुसत्या एक्स-रेनं मृत्यू कमी झाले नाहीत. कमी मात्रेच्या सीटी स्कॅननं मात्र, खूप वर्षं खूप ओढलेल्यांमध्ये, या कॅन्सरचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले, हे २०११ मध्ये दिसलं. आपल्याकडे टीबीचे जुने व्रण सीटीत गाठींसारखे दिसतात आणि नको त्या तपासण्या मागे लागतात, म्हणून हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. नुसत्या मनाच्या जोरावर सोडणाऱ्यांतले वर्षभर टिकणारे फार थोडे असतात. निकोटिनचं च्युइंगम, गोळ्या आणि बोलणारं माणूस मिळालं की ती संख्या वाढते.

मामांच्या दुसऱ्या फेरीला नवीन डॉक्टरीणबाई होत्या. वयानं माझ्या पोरीएवढ्या. कागद पाहिले, मामांच्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं आणि 'पिता का' असं विचारलंच नाही. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "काकाजी, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळानं लागते?"

व्यसन किती पक्कं आहे ते मोजण्याचा हा सगळ्यात भरवशाचा प्रश्न आहे, हे मला नंतर वाचून कळलं. मामांनी मामींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हसले, त्याच हवा सुटलेल्या आवाजात.

"डोये उघडाच्या आंधी, बाई."

त्यांनीही हसत कागदावर लिहिलं, 'पाच मिनिटांच्या आत'.