सीसी जास्त म्हणजे ताकद जास्त?

भाचा गाडी घ्यायला निघालाय. परवा म्हणाला, "मामा, रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे म्हणजे केटीएमच्या ड्यूक २०० पेक्षा ताकद जास्तच असणार ना?" सीसी आणि ताकद यांची ही गल्लत नागपुरात बर्डीतल्या प्रत्येक पार्किंगमध्ये ऐकू येते.

सीसी म्हणजे जागा. पिस्टन सिलिंडरमध्ये खालून वर जाताना जेवढी जागा व्यापतो, ती घनसेंटिमीटरमध्ये मोजलेली. ताकद, म्हणजे बीएचपी, सांगते की इंजिन किती झपाट्याने काम उरकतं.

या दोन गाड्यांचं मला फार अप्रूप वाटतं. २०२१ पासूनची क्लासिक आणि ड्यूक २००, दोघींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, अगदी सारखा, ७२ मिलिमीटर. फरक आहे स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या चालीचा. क्लासिकची चाल ८५.८ मिलिमीटर, ड्यूकची फक्त ४९. म्हणून एक ३४९ सीसी, दुसरी १९९.५.

आता ताकद बघा. क्लासिक सुमारे २० बीएचपी, ड्यूक जवळपास २५! छोटी चाल, चार व्हॉल्व्ह आणि पाण्याने थंड होणारं इंजिन, त्यामुळे ड्यूक १०,००० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांपर्यंत, चढते. क्लासिकची ताकद ६,१०० लाच शिगेला पोचते. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, आणि फेरे यांचा गुणाकार म्हणजे ताकद. ड्यूक फेऱ्यांवर कमावते.

टॉर्कमध्ये मात्र क्लासिक पुढे, ४,००० आरपीएमलाच २७ न्यूटन-मीटर. ड्यूकचा १९ च्या आसपास, तोही ८,००० ला. व्हरायटी चौकात सिग्नल सुटला, मागे कोणी बसलंय, हँडलला भाजीची पिशवी आहे, तेव्हा क्लासिक कमी आरपीएमवरही गाडी ओढून नेते. ड्यूकला तिथे गिअर खाली टाकावा लागतो. मनसरकडच्या मोकळ्या रस्त्यावर मात्र तीच ड्यूक खुलते.

थर्ड पार्टी विम्याचे टप्पे मात्र सीसीवरच ठरतात, बीएचपी तिथे कोणी विचारत नाही.

भाच्याला विचारलं, रोज कुठे चालवणार? म्हणाला, बर्डीतूनच, आईला ऑफिसला सोडत. मग टेस्ट राइडला ताईलाच मागे बसवून ने, असं सांगितलं.