पत्रद्वारे बुद्धिबळ : बरोबरी कमी करण्याचे उपाय

पोस्टकार्डावर '५२५४' एवढेच चार आकडे, म्हणजे पाचव्या पट्ट्यातल्या दुसऱ्या घरातून चौथ्यात: पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. पावसात वेंगुर्ल्याला कार्ड भिजून एखादा आकडा पुसला की पंचाईत. आता सगळं सर्व्हरवर आलंय, आणि आयसीसीएफ या जागतिक संघटनेच्या (१९५१) स्पर्धांत इंजिन, म्हणजे चाली शोधणारा संगणक-प्रोग्राम, वापरायला मुभा आहे.

पाचव्या जागतिक स्पर्धेत (१९६५-६८) हान्स बर्लिनरनं १६ पैकी १२ डाव जिंकले, ४ बरोबरीत. आज दोघांकडे तेच स्टॉकफिश इंजिन, १० चालींना ५० दिवस अशी सवड, मग चुकणार कोण? डाव बरोबरीतच सुटायचा. जूनमध्ये लाईट गेली तरी एवढ्या दिवसांत येतेच.

माजी जगज्जेता फिशरनं १९९६ मध्ये सुचवलेली, मागच्या ओळीतल्या मोहऱ्यांच्या ९६० मांडण्यांची पद्धत, किंवा इंजिनांच्या स्पर्धेत करतात तशी मुद्दाम एका बाजूला झुकलेली सुरुवात देऊन रंग बदलून दोन डाव, हे उपाय आहेतच, पण दुसऱ्यात 'एक तुझा एक माझा' होऊन मॅच परत बरोबरीतच. विजयाला ३ गुण दिले म्हणून इंजिन चुकत नाही.

जास्त जुना वाद पॅटचा, म्हणजे राजाला शह नाही, पण खेळायला एकही चाल उरली नाही, अशा स्थितीचा. नवव्या शतकातला अरबी बुद्धिबळपटू अल-अदली सांगतो की हिंदुस्थानात पॅट झालेलाच जिंकायचा, इंग्लंडात साधारण सतराव्या-अठराव्या शतकांत पॅट करणारा हरायचा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बरोबरीचा नियम तिथे रुजला, श्रेय बहुतेक सॅरट या इंग्रज बुद्धिबळ-लेखकाला देतात. म्हणजे पॅटला बरोबरीचा अर्धा गुण ही काही देवाची रेघ नव्हे. जगज्जेता राहिलेल्या लास्करनंही पॅट करणाऱ्याला थोडा जास्त वाटा द्यावा असं मांडलं होतं, पाऊण-पाव म्हणा. समजा पांढऱ्याकडे पांढऱ्या घरांचा उंट आणि राजाच्या बाजूचं कडेचं प्यादं आहे, काळा राजा त्या प्याद्याच्या काळ्या कोपऱ्यात बसला की उंट, प्यादं दोन्ही जास्त असूनही आज बरोबरीच, कारण शेवटी पॅट. पाऊण गुणात हाच डाव निकाली लागतो. मात्र नुसत्या राजा-घोड्यानं पॅट जबरदस्तीनं करता येत नाही, तिथे 'एकट्या राजाला कमी गुण' असा वेगळा नियम लागेल, तो जोडला तर बरं असं आमचं मत. अडचण एवढीच की ७ मोहऱ्यांपर्यंतचे टेबलबेस (शेवटच्या स्थितींचे आधीच मोजून ठेवलेले तक्ते) पॅटला साधी बरोबरीच धरतात, पाऊण गुणासाठी ते नव्यानं मोजावे लागतील.