लॅक्स्टन : बांधांविना टिकलेले शिवार

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशर परगण्यातल्या लॅक्स्टन या लहानशा गावाचे शिवार साउथ फील्ड, वेस्ट फील्ड आणि मिल फील्ड अशा तीन मोठ्या मोकळ्या क्षेत्रांत विभागलेले आहे. त्यांत बांध किंवा कुंपण नाही. एकाची पट्टी कुठे संपते आणि शेजाऱ्याची कुठे सुरू होते, हे खुंटांवरून आणि नांगराच्या तासांवरून ओळखायचे. मध्ययुगात त्या देशाच्या मध्यभागातली बहुतेक गावे अशीच कसत. ही पद्धत आपल्या न्यायसभेसह टिकवून धरणारे शेवटचे गाव म्हणून लॅक्स्टन ओळखले जाते.

गाव खूप जुने आहे. 1086 च्या डूम्सडे नोंदींत, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या मोजणीत, त्याचा उल्लेख सापडतो, आणि पुढे नॉर्मन सरदारांनी उभारलेल्या गढीची मातीची मोठी टेकडी गावाच्या उत्तरेस अजून दिसते. सेंट मायकल चर्च हे पॅरिशचे, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे, केंद्र. शेतकऱ्यांची घरे रानात विखुरलेली नसून त्याच्या आसपास रस्त्याच्या कडेलाच आहेत, कारण प्रत्येकाची जमीन तिन्ही क्षेत्रांत तुकड्यातुकड्यांनी पसरलेली होती. चांगली आणि हलकी जमीन सर्वांच्या वाट्याला येई. एका क्षेत्रात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसरे पडीक, असा तीन वर्षांचा फेर असे. पडीक रानात सगळ्या गावाची गुरेमेंढरे चरत आणि तेच त्या जमिनीचे खत.

1635 मध्ये जमीनदार सर विल्यम कोर्टेन यांच्यासाठी मार्क पिअर्स याने गावाचा नकाशा काढला. तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. एकेक पट्टी त्यात आखलेली आहेच, शिवाय नांगरणारी आणि कापणी करणारी माणसेही चितारली आहेत. मोजणीच्या कागदावर कष्टकऱ्यांना अशी जागा मिळालेली पाहून मन भरून येते.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या हजारो कायद्यांनी अशी शिवारे कुंपणे घालून वाटली, आणि अनेक लहान कुळांचा चराईचा हक्क त्यात गेला. लॅक्स्टनमध्येही काही जमीन वेगळी झाली आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी पट्ट्या एकत्र करून मोठ्या केल्या गेल्या, पण पूर्ण वाटणी कधीच झाली नाही.

माझ्या मते या गावाचे खरे वैभव त्याच्या कोर्ट लीटमध्ये, म्हणजे वर उल्लेखलेल्या न्यायसभेत, आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस पंच मंडळी गव्हाच्या क्षेत्रात फिरतात, पट्ट्यांच्या हद्दी तपासतात आणि गरज पडेल तिथे नवे खुंट ठोकतात. कोणी सामाईक गवताच्या पट्टीत किंवा वाटेवर नांगर घातलेला आढळला, तर साधारण आठवड्याने भरणाऱ्या सभेत त्याला दंड होतो. निर्णय देणारे स्वतःच तिथे शेती करणारे असतात, त्यामुळे नांगराच्या एका तासाएवढी जमीन सरकली तरी ती त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मोकाट गुरांसाठीचा कोंडवाडाही गावात अजून उभा आहे.

1952 मध्ये तेव्हाचे जमीनदार अर्ल मॅनव्हर्स यांनी ही मालमत्ता कृषी मंत्रालयाला विकली. 1981 मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे, गेली आणि 2020 मध्ये पुन्हा मॅनव्हर्स घराण्याच्याच थोर्सबी इस्टेटकडे आली. मालकी अशी फिरत राहिली, तरी खुंट ठोकण्याचे काम गावच्या पंचांकडेच आहे.