रुपयातील सरकारी कर्जाचा बाजार: पार्श्वभूमी

पूर्व आशियातील अनेक देशांना १९९७-९८ च्या संकटाने जमिनीवर आणले, कारण तेथील बँका आणि उद्योग डॉलरमध्ये अल्प मुदतीचे कर्ज घेत आणि ते देशातल्या दीर्घ मुदतीच्या कामांत गुंतवत. चलन घसरताच परतफेडीचा बोजा फुगला आणि नवे कर्जही मिळेनासे झाले. आपल्याच चलनात, आपल्याच बचतकर्त्यांकडून, लांब मुदतीचे कर्ज उभारण्याची सोय असायला हवी, हा विचार उदयोन्मुख अर्थव्यवस्थांच्या धोरणात त्यानंतर ठळक झाला. भारताने ही वाट त्याआधीच धरली होती, पण त्यामागचे कारण निराळे होते. भारत सरकारचे बहुतांश कर्ज रुपयातच होते. अडचण ही होती की त्याचा व्याजदर सरकारच ठरवत असे, ते विकत घेणे बँकांना कायद्याने भाग होते आणि जे उरे ते मध्यवर्ती बँक नव्या चलनाच्या बळावर उचलत असे. अशा व्यवस्थेत रोखे पुष्कळ असले, तरी बाजार म्हणावे असे काही नव्हते.

बँकांनी ठेवींचा ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांत गुंतवण्याची सक्ती, म्हणजे एसएलआर, १९६० च्या दशकाच्या मध्यात २५ टक्के होती. १९९० मध्ये ती ३८.५ टक्क्यांवर पोहोचली. त्याशिवाय १५ टक्के रक्कम मध्यवर्ती बँकेकडे राखीव ठेवावी लागे. म्हणजे शंभर रुपयांच्या ठेवीतले साडेत्रेपन्न रुपये कर्जवाटपाचा विचार सुरू होण्याआधीच बाजूला पडत. रोख्यांवरील व्याज बाजारभावापेक्षा कमी असल्याने ते विकायला काढणे तोट्याचे होते, आणि सक्ती नसलेल्या कोणाला ते विकत घ्यावेसे वाटण्याचे कारण नव्हते. चलनव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या एका समितीने १९८५ मध्येच सुचवले होते की सरकारी कर्जावर वाजवी व्याज द्यावे आणि नव्या चलनातून सरकारला किती कर्ज द्यायचे याची मर्यादा सरकार व मध्यवर्ती बँक यांनी मिळून ठरवावी. व्याजदर वाढले, मर्यादेची गोष्ट मात्र नऊ वर्षे रेंगाळली.

एप्रिल १९९२ मध्ये ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांचा, म्हणजे सरकारच्या अल्प मुदतीच्या कर्जपत्रांचा, आणि जूनमध्ये दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचा लिलाव सुरू झाला. त्याच सुमारास मुंबईतला रोखे घोटाळा बाहेर आला. रोख्यांची मालकी हाताने लिहिलेल्या खातेवहीत नोंदवली जाई, त्यामुळे नोंदी मागे पडत, आणि बँका प्रत्यक्ष रोख्याऐवजी एकमेकींना पावत्या देऊन व्यवहार करीत; काही पावत्यांमागे रोखेच नव्हते. रोखे आणि पैसे एकाच वेळी हस्तांतरित करण्याची पद्धत १९९५ मध्ये आली आणि लिलावात बोली लावण्याची जबाबदारी घेणारे प्रायमरी डीलर त्यानंतर लगेच नेमले गेले. या सुधारणांना घोटाळ्याने वेग दिला, हे खरे. तरीही या बाजाराचा पाया त्या घोटाळ्यानंतरच्या दुरुस्तीत शोधणे मला अपुरे वाटते. तो पाया १९९४ ते १९९७ या तीन वर्षांत, फार कमी लोकांच्या लक्षात राहिलेल्या एका निर्णयाने घातला गेला.

तो निर्णय तदर्थ ट्रेझरी बिलांचा होता. १९५५ मध्ये सरकार आणि मध्यवर्ती बँक यांच्यात अशी समजूत झाली होती की सरकारच्या खात्यातली शिल्लक शुक्रवारी ५० कोटी रुपयांच्या आणि इतर दिवशी ४ कोटी रुपयांच्या खाली गेली, तर ९१ दिवसांची बिले आपोआप निघावीत आणि ती मध्यवर्ती बँकेने घेऊन खाते भरून द्यावे. करवसुली आणि खर्च यांच्या तारखा जुळत नाहीत, त्या काही आठवड्यांसाठी केलेली ही सोय होती. पुढे मुदत संपलेल्या बिलांच्या जागी नवी बिले निघू लागली आणि तात्पुरती उचल वर्षभराची, मग कायमची झाली. १९७४ पासून या बिलांचा दर ४.६ टक्क्यांवर गोठवलेला होता. महागाई दोन अंकी असतानाही तो हलला नाही. संसदेत मंजूर झालेल्या अर्थसंकल्पात तूट कितीही दाखवलेली असो, प्रत्यक्षात ती वाढली तर तिची भरपाई कोणालाही न विचारता होत असे. किती चलन निर्माण करायचे हे ठरवणे ज्या संस्थेचे काम, तिच्या हाती त्यातला सर्वांत मोठा घटकच नव्हता.

सप्टेंबर १९९४ मध्ये उभयतांत करार झाला. त्यानुसार १९९४-९५ च्या अखेरीस या बिलांतली निव्वळ वाढ ६,००० कोटींच्या आत राहायची होती, वर्षात सलग दहा कामकाजी दिवसांहून अधिक काळ ती ९,००० कोटींवर गेल्यास मध्यवर्ती बँकेने सरकारी रोखे बाजारात विकायचे होते, आणि तीन वर्षांत ही पद्धत संपवायची होती. मार्च १९९७ मध्ये दुसरा करार झाला व १ एप्रिलपासून तदर्थ बिले बंद झाली. शिल्लक बिलांचे ४.६ टक्के व्याजाच्या विशेष रोख्यांत रूपांतर झाले आणि सरकारला मर्यादित रकमेची, व्याज आकारणारी तात्पुरती उचल देण्याची सोय झाली.

या निर्णयावर तेव्हा झालेली टीका पोकळ नव्हती. स्वस्त कर्ज गेले की व्याजाचा खर्च वाढणार, आणि तो वाढला; १९९० च्या दशकाच्या शेवटी केंद्राच्या महसुली उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास रक्कम व्याजात जात होती. निवडून आलेल्या सरकारचा हात न निवडलेल्या संस्थेने का धरावा, हा प्रश्नही रास्त होता. दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आणि माझ्या मते अधिक वजनदार आहे. १९९७ मध्ये फक्त आपोआप मिळणारे कर्ज बंद झाले. थेट कर्ज चालूच राहिले. लिलावात न खपलेले रोखे मध्यवर्ती बँक उचलत असे, बाजारात व्याजदर चढे असतील तेव्हा खासगीरीत्याही घेत असे, आणि परिस्थिती निवळल्यावर विकत असे. ही वाट राजकोषीय जबाबदारीच्या २००३ च्या कायद्याने १ एप्रिल २००६ पासून, अपवादात्मक परिस्थिती वगळता, बंद केली. तरीही दोन्ही तारखांत मी १९९७ ला अधिक महत्त्व देतो, कारण त्या दिवसापासून सरकारने कर्जाची रक्कम आधी ठरवायची, मग ते मागायचे, असा क्रम लागला. तसे झाल्याशिवाय लिलावातल्या दराला अर्थ नसतो, आणि त्या दराशिवाय कंपन्यांच्या रोख्यांचा भाव कशावरून काढायचा हेही ठरत नाही.

२०२० च्या महासाथीत थेट कर्जाची मागणी पुन्हा झाली. ती मान्य न करता मध्यवर्ती बँकेने दुय्यम बाजारातून, म्हणजे आधीच विकलेले रोखे जिथे हात बदलतात तिथून, मोठ्या प्रमाणावर रोखे विकत घेतले. परिणाम सारखाच, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. पण या खरेदीत भाव बाजारातून जातो आणि खरेदी थांबवणे खरेदीदाराच्या हाती राहते, हा फरक लहान नाही.

नंतरची प्रगती बरीचशी यंत्रणेची आहे. रोखे-व्यवहार पूर्ण होण्याची हमी देणारी संस्था २००२ मध्ये आणि नावे न कळता चालणारी इलेक्ट्रॉनिक बोली-व्यवस्था २००५ मध्ये आली. एसएलआरच्या सक्तीचे प्रमाण उतरत २०२० मध्ये १८ टक्क्यांवर आले. दरम्यान २००४ मध्ये व्याजदर वाढू लागून जुन्या रोख्यांचे भाव पडल्यावर बँकांना तोटा दाखवावा लागू नये म्हणून रोखे मुदतपूर्तीपर्यंत धरण्याच्या गटात हलवण्याची एकवेळची मुभा दिली गेली. बँकांचे ताळेबंद त्याने वाचले, पण त्या रोख्यांची उलाढाल आटली. ही सवलत बाजारासाठी महाग पडली, असे मला वाटते.

परदेशी पैशाच्या बाबतीत पावले सावध होती. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात सरकारने परकीय चलनात रोखे काढण्याचा मनोदय जाहीर केला, त्यावर कडाडून टीका झाली आणि तो बारगळला. त्याऐवजी २०२० पासून काही ठरावीक रुपयाचे रोखे परदेशी गुंतवणूकदारांना विनामर्यादा खुले झाले, आणि जून २०२४ पासून ते उदयोन्मुख देशांच्या एका प्रमुख निर्देशांकात टप्प्याटप्प्याने दाखल झाले. चलनाची जोखीम यामुळे कर्ज देणाऱ्याकडे राहिली.

कंपन्यांच्या आणि महापालिकांच्या रोख्यांना या सगळ्याचा लाभ अपुरा मिळाला आहे. पुण्याच्या महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी उभारले, तेव्हा त्याची बातमी झाली. असे रोखे किती विरळ होते हे त्यावरूनच दिसते. कंपन्यांचे बहुतेक रोखे आजही मोजक्या संस्थांना खासगीरीत्या विकले जातात. विमा कंपन्या आणि निवृत्तिवेतन निधी उच्च पतमानांकन असलेलेच रोखे घेतात व मुदतीपर्यंत धरून ठेवतात, आणि २०१८ मध्ये पायाभूत क्षेत्राला कर्ज देणारी एक बडी, सर्वोच्च मानांकनाची संस्था बुडाल्यावर त्यांची सावधगिरी वाढली. खासगी विक्रीतल्या रोख्याची दर्शनी किंमत आधी दहा लाखांवरून एक लाखावर आणि २०२४ मध्ये काही अटींसह दहा हजारांवर आणली गेली. छोट्या गुंतवणूकदाराला आता खरेदी करता येते. मुदतीआधी रोखा विकायचा झाल्यास खरेदीदार मिळवणे मात्र अजूनही कठीण जाते.