डीमेसेज की जर्नल? हँग झालेल्या लिनक्सचा लॉग कुठे बघायचा

लिनक्सचं मशीन हँग झालं की बहुतेक जण पॉवरचं बटण दाबून धरतात, मशीन पुन्हा चालू करतात आणि टर्मिनलमध्ये डीमेसेज ही कमांड देतात. लाल अक्षरांत एसीपीआयची (वीज आणि हार्डवेअर सांभाळणाऱ्या यंत्रणेची) एखादी तक्रार दिसते आणि सापडलं म्हणून सगळे तिच्यामागे लागतात. माझे यात दोन दिवस गेले, बायोससुद्धा अपडेट करून झालं. ती ओळ निरुपद्रवी होती, प्रत्येक बूटला, म्हणजे मशीन चालू होताना, येत होती. आदल्या रात्री मशीन हँग झालं त्याबद्दल तिथे एक शब्द नव्हता, आणि असणं शक्यही नव्हतं.

कारण डीमेसेज वाचते तो कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, रिंग बफर. रॅममधली ठरावीक आकाराची जागा, बऱ्याच मशीनवर १२८ किंवा २५६ केबी. ती भरली की जुन्या ओळींवर नव्या ओळी चढतात, आणि मशीन बंद झालं की पाटी कोरी. म्हणजे रीस्टार्टनंतर डीमेसेजमध्ये दिसतो तो फक्त आत्ताचा बूट.

जर्नल वाचणारी कमांड ‘जर्नलसीटीएल -के’ दिली तरी कर्नलच्या त्याच ओळी दिसतात, आणि घोटाळा इथेच होतो. फरक आहे तो जपणुकीचा. सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा चालू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) जर्नल कर्नलच्या ओळी उचलतो आणि डिस्कवर लिहून ठेवतो. त्यामुळे रीस्टार्टनंतर विचारायचं ते ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’. के म्हणजे फक्त कर्नल, बी म्हणजे बूट, -१ म्हणजे आत्ताच्या आधीचा. शेवटच्या पानापासून उलटं वाचत या. वेळही इथलीच धरा. डीमेसेजला मोठा टी जोडून मिळणारी घड्याळाची वेळ, लॅपटॉप मध्ये झोपून उठला असेल तर चुकते.

एक अट मात्र आहे. ‘व्हार’ फोल्डरमधल्या ‘लॉग’ फोल्डरच्या आत ‘जर्नल’ नावाचं फोल्डर नसेल, तर मूळ सेटिंगमध्ये जर्नलही रॅममध्येच राहतो आणि मागचा बूट मिळत नाही. आज मशीन धड चालू आहे तोवर हे तपासून घ्या.

मग डीमेसेज कधी? मशीन अर्धवट जिवंत असताना. स्क्रीन गोठली म्हणजे कर्नल मेलाच असं नसतं. आधी कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळी टर्मिनल येते का बघा. नाही आली तर दुसऱ्या मशीनवरून एसएसएच करून, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, बघा. आत शिरता आलं तर ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ लावा. नव्या ओळी येतील तशा दिसत राहतात. एखादा प्रोसेस १२० सेकंदांपेक्षा जास्त अडकल्याची ओळ आली तर डिस्क किंवा नेटवर्कवरच्या फाइल्सकडे संशय वळवा. ‘सॉफ्ट लॉकअप’ आलं तर एखादा सीपीयू कर्नलच्याच आत अडकून पडलाय, बहुतेक वेळा ड्रायव्हरमुळे. ‘आउट ऑफ मेमरी’ला स्पष्टीकरण नकोच.

डिस्कनेच दगा दिला असेल तर डीमेसेज जर्नलपेक्षा जास्त भरवशाची, कारण जर्नलला लिहायला जागाच उरत नाही, पण रॅममधला बफर भरत राहतो. मात्र डिस्क गेल्यावर डीमेसेज हा प्रोग्राम तरी कुठून वाचला जाणार? म्हणून ज्या मशीनवर वारंवार हँग होतं, तिथे एसएसएचमधली ही डीमेसेजची खिडकी दुसऱ्या मशीनवर आधीपासून उघडी ठेवायची.

जर्नलचा शेवट वाचतानाही सावध राहा. जर्नल दर ओळीला डिस्कवर पक्की नोंद करत नाही. मूळ सेटिंग ५ मिनिटांचं आहे, फक्त अतिगंभीर पातळीच्या ओळी लगेच पक्क्या होतात. कर्नल पूर्ण थिजला तर जर्नलला चालायची संधीही मिळत नाही. म्हणून शेवटची ओळ वायफायची आहे एवढ्यावरून वायफायला दोषी धरू नका. बटण दाबून धरण्याआधी आल्ट-प्रिंटस्क्रीन-एस दाबा. कर्नलमध्ये थोडी जरी धुगधुगी असेल तर तो रॅममधलं अडकलेलं लिखाण डिस्कवर उतरवायचा प्रयत्न करतो. उबंटूमध्ये एवढी मुभा मूळ सेटिंगमध्येच असते.

डीमेसेज आणि जर्नल दोन्हींच्या हाती काहीच लागत नसेल, तर नेटकन्सोल लावून कर्नलच्या ओळी थेट नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला पाठवता येतात. कर्नल पॅनिकच्या, म्हणजे कर्नल स्वतःच कोलमडल्याच्या, वेळच्या ओळी पीस्टोअर या रीस्टार्टनंतरही टिकणाऱ्या राखीव जागेतही सापडू शकतात.

माझ्या लॅपटॉपचं कोडं उघड्या खिडकीमुळे सुटलं. पुढच्या वेळी हँग झाला तेव्हा जर्नल एका साध्या ब्लूटूथच्या ओळीवर थांबला होता. एसएसएचच्या खिडकीत मात्र त्यानंतरची ओळ येऊन पडली होती: एनव्हीएमई कंट्रोलर (एसएसडीचा नियंत्रक) डाउन, रीसेट करतोय. बूटच्या पॅरामीटरमधून एसएसडीची वीजबचत बंद केली, आणि त्यानंतर तो हँग झालेला नाही.